नागपुरातला ओपन स्टुडिओ: आरोग्य आणि सुरक्षिततेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रकार, शिल्पकार, मातीकाम आणि छापचित्रं करणारे लोक एखाद्या रविवारी आपली कामाची खोली सगळ्यांसाठी उघडी ठेवतात. शेजारीपाजारी येतात, मुलं येतात, कुणी हात रंगवून पाहतं. अशा दिवसाची तयारी करणाऱ्यांसाठी आणि तिथे येणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत.

चित्रंच तर काढायची आहेत, त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे?

घाबरायचं नाही, पण एक फरक ओळखायचा. ज्याचा स्टुडिओ आहे त्याला कुठल्या बाटलीत काय आहे, कोणता ड्रॉवर अडकतो आणि कोणत्या सॉकेटमधून ठिणगी उडते हे पाठ असतं. पाहुण्याला यातलं काहीच माहीत नसतं. चार वर्षांच्या मुलाला टेबलावरचा डबा हा खाऊचा डबा वाटतो. आजोबा भिंतीला टेकायला जातात आणि तिथे ओला कॅनव्हास असतो. कलाकाराच्या सवयीने जे आजवर निभावलं, ते पाहुण्यांच्या गर्दीत निभावेलच असं नाही. दुसरी गोष्ट नागपूरची: इथलं ऊन स्टुडिओतल्या निम्म्या वस्तूंचा स्वभाव बदलून टाकतं. पुढची बहुतेक उत्तरं या दोन गोष्टींवरूनच निघतात.

उन्हाळ्यात ओपन स्टुडिओ भरवावा का?

आमचं मत स्पष्ट आहे: नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सोन्यासारखे असताना मे महिन्याचा हट्ट धरू नये. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यांत तापलेल्या नऊ दिवसांत, तर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. तरीही सुट्ट्यांमुळे मुलं मोकळी असतात म्हणून कार्यक्रम घ्यायचाच असेल, तर सकाळी ७ ते साडेदहा किंवा संध्याकाळी ६ नंतर घ्या. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला तर तारीख पुढे ढकला. पत्रिका छापल्या म्हणून माणसं उन्हात बोलवायची नसतात.

पाण्याचा माठ किंवा जार दारातच हवा, आत कोपऱ्यात नको. आंब्याचं पन्हं, ताक आणि ओआरएसची पाकिटंही ठेवा. एक गोष्ट आयोजकांच्या लक्षात सहसा येत नाही, ती म्हणजे बाथरूम. स्वच्छ, कडी लागणारं बाथरूम नसेल तर बायका पाणीच पीत नाहीत, आणि मग दुपारी चक्कर येऊन खाली बसणाऱ्यांत त्याच जास्त असतात. बाथरूम कुठे आहे याची पाटी दारातच लावा. कुणाला विचारावं लागू नये.

कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तोल जाऊ लागला, तर ते नुसतं 'ऊन लागलं' म्हणून सोडू नका. तो उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत माणसाला सावलीत झोपवून कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंख्याचा वारा द्या, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.

टर्पेंटाइन आम्ही वर्षानुवर्षं वापरतो. मग आता काय झालं?

प्रत्येक ज्वलनशील द्रवाचं एक तापमान असतं, ज्याला त्याच्यावर पेट घेण्याइतकी वाफ जमते. त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. टर्पेंटाइनचा हा आकडा साधारण ३५ अंशांच्या आसपास आहे. जानेवारीत खोलीचं तापमान २० ते २५ असतं तेव्हा उघड्या वाटीतलं टर्पेंटाइन बऱ्यापैकी गप्प असतं. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या छपराखालची खोली ४० पार करते, तेव्हा त्याच वाटीवर पेट घेऊ शकणारी वाफ असते. तिला फक्त ठिणगी हवी असते. बाटली तीच आणि काम करणारा तोच, पण धोका वेगळा. एनसी थिनरचं, म्हणजे लॅकर पातळ करायच्या द्रवाचं, तर विचारूच नका, तो थंडीतसुद्धा पेट घेतो.

ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता खाली उतरते आणि फरशीवरून सरकत जाते. म्हणून जमिनीवर ठेवलेला एक्स्टेंशन बोर्ड, उदबत्ती आणि मच्छर अगरबत्ती ही तिघं टर्पेंटाइनच्या खोलीत नकोत. उद्घाटनाचं दीपप्रज्वलन अंगणात करा.

लोकांना हात लावायला देणार असाल तर त्या दिवशी तैलरंग बाजूला ठेवून पाण्याचे रंग किंवा ॲक्रिलिक वापरा, हे सगळ्यांत सोपं. तैलरंग दाखवायचेच असतील तर ते फक्त कलाकाराने दाखवावेत. झाकणाच्या छोट्या डबीत लागेल तेवढंच टर्पेंटाइन काढावं आणि मुख्य बाटली कुलपात ठेवावी. ब्रश आधी जवसाच्या तेलात आणि मग साबणाने धुतले तर टर्पेंटाइन फारच थोडं लागतं.

वास जावा म्हणून कूलर लावला तर चालेल का? की एसी बरा?

कूलर बरा, पण समोरची खिडकी उघडी असेल तरच. कूलर बाहेरची हवा ओढून आत ढकलतो. आतल्या हवेला बाहेर जायला वाट असली की वाफही तिच्याबरोबर निघून जाते. एसी मात्र दारं-खिडक्या बंद करून आतलीच हवा फिरवत राहतो. बंद एसी खोलीत तैलचित्राचं प्रात्यक्षिक म्हणजे तासाभरात अर्ध्या लोकांचं डोकं दुखणार. कूलर खिडकीच्या बाहेरच्या बाजूला आणि टर्पेंटाइनची डबी त्याच्यापासून लांब, उघड्या खिडकीजवळ, अशी मांडणी करा.

कूलरचा शॉक लागतो, त्याचं काय करायचं?

हा प्रश्न आपल्या शहरात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दर उन्हाळ्यात लोखंडी कूलरला चिकटून माणसं गेल्याच्या बातम्या येतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वायरमनला बोलावून तीन गोष्टी तपासून घ्या: तीन पिनांचा प्लग आहे का, अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोचलंय का आणि त्या लाइनवर ३० मिलिॲम्पियरचा ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, आहे का. साधा एमसीबी जास्त भार आल्यावर किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडतो, माणसाला शॉक लागल्यावर पडेलच असं नाही.

टाकीत पाणी भरताना स्विच बंद करून प्लगही काढायचा, आणि हे काम त्या दिवशी एकाच माणसाकडे द्यायचं. मुलं कूलरच्या जाळीत तोंड घालून 'आ' करतात, हा सगळ्यांचा लाडका खेळ आहे. म्हणून कूलरपुढे एक टेबल आडवं लावून ठेवा.

ग्लू गन, हीट गन, छोटी भट्टी आणि कूलर एकाच बोर्डावर लावू नका. वायर चालण्याच्या वाटेवरून जात असेल तर ती चिकटपट्टीने फरशीला चिकटवा.

तेलाच्या चिंध्या पेटतात असं ऐकलंय. खरं आहे का?

खरं आहे, आणि त्यांना काडीही लागत नाही. लिनसीड ऑइल म्हणजे आपलं जवसाचं तेल. ते वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन शोषतं, आणि त्या क्रियेत उष्णता निघते. कॅनव्हासवर पातळ थर असतो, उष्णता उडून जाते. पण तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकला की उष्णता आतच कोंडते, वाढत जाते आणि काही तासांनी धूर निघतो. तोवर सगळे घरी गेलेले असतात. म्हणून कार्यक्रम संपल्यावर चिंध्या मोजून गोळा करा, लोखंडी डब्यात पाण्यात बुडवा आणि झाकण लावा. डबा नसेल तर अंगणात दोरीवर एकेक पसरून कडक वाळू द्या. प्लास्टिकच्या कचरापेटीत बोळा करून टाकायच्या नाहीत, एवढं तरी नक्की पाळा.

लहान मुलं येणार आहेत. काय काळजी घ्यावी?

एक नियम बाकी सगळ्यांच्या आधी: टर्पेंटाइन, थिनर, ॲसिड, रेझिनचं हार्डनर यातलं काहीही पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवायचं नाही. उन्हातून आलेलं तहानलेलं मूल पारदर्शक बाटली दिसली की सरळ तोंडाला लावतं. मोठी माणसंही लावतात. मूळ डबा आणि त्यावरचं मराठीतलं मोठ्या अक्षरांचं लेबल हवंच.

मुलांचं टेबल वेगळं आणि त्यांच्या उंचीचं असावं. त्यावर कटर, छापचित्रासाठी लिनो कोरायची हत्यारं, सुया, छोटे मणी नकोत. खाऊ आणि रंग एका टेबलावर कधीच नकोत. चहाचा कप आणि ब्रश बुडवायचा ग्लास शेजारी ठेवला की ब्रश चहात जाणारच, आणि कधीतरी उलटंही होणार. ब्रशसाठी पत्र्याचे डबे वापरले तर हा घोळ होत नाही.

काही पालक 'दोन तास सांभाळा, आम्ही बर्डीच्या बाजारात जाऊन येतो' म्हणून मूल सोडून जातात. नम्रपणे नाही म्हणा. बारा वर्षांखालच्या मुलासोबत घरचं मोठं माणूस हवं, हे पत्रिकेतच छापा. मुलांसोबत कुणीही स्वयंसेवक बंद खोलीत एकटा नको, दोन मोठी माणसं असावीत. फोटो काढण्याआधी आई-वडिलांना विचारा.

आम्ही फक्त नैसर्गिक रंग वापरतो. मग तर चिंता नाही ना?

ही समजूत फार पसरली आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. हळद, पळसाची फुलं, गेरू, काजळी हे बहुतांशी निरुपद्रवी आहेत. पण पोथ्यांच्या आणि लघुचित्रांच्या परंपरेतला पिवळा हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग. लाल हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं. आणि देवाला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. हे तिन्ही जुन्या काळापासून वापरात आहेत, आणि तिन्ही विषारी आहेत. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. बोटाला लागलेला शेंदूर तोंडात जायला वेळ लागत नाही.

ज्याने ही विद्या गुरूकडून शिकली तो हे रंग खलात ओले घोटतो, त्यानंतर हात धुतो आणि मगच जेवतो. पाहुण्यांना मात्र ते बंद काचेच्या बरणीतच दाखवावेत. कोरडी पूड त्यांच्यासमोर घोटू नये. चुनकळी विझवण्याचं प्रात्यक्षिकही नको. उकळता चुना डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते.

घराच्या रंगांतल्या शिशावर भारतात मर्यादा आहे: २०१६ च्या नियमांनुसार ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग. ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी आहे. कलाकारांच्या ट्यूबमधल्या फ्लेक व्हाइट या पांढऱ्या रंगात शिसं असतंच, तोच त्याचा रंग आहे. तो मुलांच्या टेबलावर कधीही नको.

डब्यावर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलंय. म्हणजे खाल्लं तरी चालतं?

नाही. नेहमीच्या पद्धतीने वापरलं तर अपाय नाही, एवढाच त्याचा अर्थ. तोच रंग स्प्रेगनमध्ये भरला किंवा वाळल्यावर सँडपेपरने घासला तर ती नेहमीची पद्धत राहत नाही. चेहऱ्यावर रंगवायला तर फक्त त्याचसाठी बनवलेले रंग घ्या.

शाडू मातीचा कार्यशाळेत काही धोका आहे का?

ओल्या मातीचा नाही. मुलांना मनसोक्त मळू द्या. धोका आहे वाळलेल्या मातीच्या धुळीचा, कारण तिच्यात सिलिका असतं आणि तिचे बारीक कण फुप्फुसात जाऊन बसतात. वर्षानुवर्षं ती धूळ घेणाऱ्याला सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. एका दिवसाच्या पाहुण्याला त्याची भीती नाही. पण रोज तिथे काम करणारा कलाकार आणि झाडू मारणाऱ्या ताई यांना आहे, आणि त्यांचा विचार कार्यक्रमाच्या धावपळीत कुणी करत नाही. म्हणून संध्याकाळी कोरडा झाडू मारू नका. आधी पाणी शिंपडा, मग ओल्या पोतेऱ्याने फरशी पुसा. वाळलेली मूर्ती घासायचीच असेल तर ओल्या स्पंजने घासा. रांगोळीची पूडही दगड दळूनच केलेली असते. शंभर जण रांगोळी घालणार असतील तर पंखे बंद करून मोकळ्या जागेत घाला.

हाताचा ठसा पीओपीमध्ये घ्यायचा आहे. घेऊ का?

हात पीओपीत बुडवून कधीही नाही. पीओपी घट्ट होताना तापतो, जाड थर असला तर कातडी भाजण्याइतका, आणि त्याच वेळी तो दगडासारखा होऊन हात अडकवून ठेवतो. इंग्लंडमध्ये २००७ साली एका शाळेतल्या विद्यार्थिनीने हाताचा साचा घ्यायला हात प्लास्टरमध्ये घातले आणि बोटं गमावली. ठसा हवा असेल तर आधी मऊ मातीच्या लादीवर हात दाबा, हात काढून घ्या आणि त्या खळग्यात पीओपी ओता. पूर्ण हाताचा साचा हवा असेल तर अल्जिनेट वापरा. दंतवैद्य दातांचं माप घ्यायला तेच वापरतात.

रेझिन आर्ट?

पाहुण्यांच्या हातात नको. न जमलेलं इपॉक्सी रेझिन कातडीला लागत राहिलं तर ॲलर्जी जडू शकते आणि ती आयुष्यभर राहते. कलाकाराने नायट्रिलचे हातमोजे घालावेत. आपल्या उन्हाळ्यात ते भराभर जमतं आणि कपात जास्त असेल तर धुरावतं, म्हणून थोडं थोडं कालवा.

बाटिकचं मेण गॅसवर तापवायचं का?

थेट गॅसवर नाही. पाण्याच्या पातेल्यात मेणाचं भांडं ठेवा, म्हणजे ते उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापणार नाही. धूर दिसला की बंद करा. पेटलं तर त्यावर पाणी टाकू नका, भडका छतापर्यंत जाईल. आच बंद करून झाकण सरकवा.

मास्क कोणता?

धुळीसाठी एन-९५. वाफेसाठी तो बिनकामाचा, तिथे ऑरगॅनिक व्हेपर काट्रिज असलेला मास्क लागतो. रुमाल किंवा दुपट्टा यातल्या कशालाच पुरत नाही, तो उन्हासाठी ठीक.

गरोदर बाई किंवा दम्याचा रुग्ण आला तर?

दारातच पाटी लावा: 'आज या खोलीत टर्पेंटाइनचा वापर आहे', 'इथे स्प्रे आहे'. कुणाला आपली तब्येत अनोळखी माणसाला सांगावी लागू नये. पाटी वाचून त्यांनी स्वतःच ठरवावं. स्प्रे आणि तैलरंग एका खोलीत, बाकी सगळं दुसऱ्या खोलीत, अशी विभागणी केली की पुष्कळ प्रश्न सुटतात. स्प्रेचे डबे गाडीत सोडून येऊ नका, उन्हात उभ्या गाडीत ते फुटू शकतात.

आमचा स्टुडिओ महाल भागातल्या जुन्या वाड्यात आहे. किती लोक आत घ्यावेत?

ईझल न हलवता प्रत्येकाला दारापर्यंत पोचता आलं पाहिजे, हेच माप धरा. अरुंद जिन्यावर वर जाणारे आणि खाली येणारे एकाच वेळी नकोत, वर-खाली एकेक माणूस उभा करा. मागचं दार चोरांच्या भीतीने बंद ठेवायची सवय असते. त्या दिवशी कुलूप काढा आणि दारापुढच्या स्कूटर हलवा. उंच उंबरठ्यावर लाकडी उतार टाका, आणि जिना चढू न शकणाऱ्यांसाठी खालच्या ओसरीवर चार कामं तरी मांडून ठेवा. ती खुर्ची टाकून निवांत पाहता यावीत.

चितार ओळीत मूर्तिकारांकडे गट घेऊन जाता येईल का?

येईल, पण आधी विचारून. गणपतीच्या आधीचे आठवडे हा त्यांच्या वर्षभराच्या कमाईचा काळ असतो. तिथे ताडपत्रीखाली ओल्या जमिनीवर तात्पुरत्या वायरी असतात, कुठे घासकाम चालू असतं, कुठे स्प्रेगन. गट लहान ठेवा, पायात बंद चपला किंवा बूट असू द्या, रंगकाम चालू असेल तिथे मुलांना रेंगाळू देऊ नका. आणि जे कारागीर आपल्याला वेळ देतात त्यांच्यासाठी जाताना चांगले एन-९५ मास्क घेऊन जा. हारतुऱ्यांपेक्षा ते कामी येतात.

आग लागली तर?

आधी माणसं बाहेर, मग १०१ किंवा ११२. आग बादलीएवढीच असेल आणि दार तुमच्या पाठीशी असेल, तरच आग विझवायचा सिलिंडर उचला. एबीसी पावडरचा सिलिंडर दाराजवळ टांगलेला असावा, त्याचा काटा हिरव्यात असावा. पिन काढा, नळी आगीच्या मुळाशी धरा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. हे आदल्या दिवशी सगळ्या स्वयंसेवकांना हातात धरायला देऊन समजावा.

बोट कापलं, भाजलं, डोळ्यात गेलं, प्यायलं गेलं... नेमकं काय करायचं?

कापलं तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उघडून पाहू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं थंड पाणी. मात्र दुपारी छतावरच्या टाकीचं पाणी उकळतं असतं, म्हणून माठाचं पाणी त्यासाठी राखून ठेवा. टूथपेस्ट, हळद, बर्फ यातलं काही लावू नका. डोळ्यात काही गेलं तर पापणी उघडी धरून किमान पंधरा मिनिटं पाणी सोडा आणि लगेच डॉक्टरकडे न्या. चुना असेल तर वाटेतही पाणी सोडत राहा.

टर्पेंटाइन किंवा थिनर प्यायलं गेलं तर उलटी करवू नका. उलटीतून ते फुप्फुसात गेलं तर पोटात असण्यापेक्षा वाईट. बाटली सोबत घ्या आणि सरळ मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथे न्या. कोणतं हॉस्पिटल जवळ आहे आणि गाडी कुणाची, हे आदल्या दिवशीच ठरलेलं असावं.

परवानगी लागते का?

घरात चार पाहुणे बोलवायला नाही. रस्त्यावर किंवा बागेत मांडव टाकणार असाल तर महापालिका आणि पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या. लाउडस्पीकर रात्री १० ला बंद.

उरलेले रंग आणि ब्रशचं पाणी कुठे टाकायचं?

टर्पेंटाइन आणि थिनर नालीत नाही. नालीतून ते नाग नदीत जातं, आणि नालीत वाफ साठून पेटूही शकतं. बरणीत रात्रभर ठेवलं की रंगाचा गाळ खाली बसतो, वरचं निवळ टर्पेंटाइन गाळून पुन्हा वापरता येतं. ॲक्रिलिकचं पाणीही बादलीत निवळू द्या आणि खालचा गाळ वर्तमानपत्रावर वाळवा. पण बादली झाकून ठेवा आणि दोन-तीन दिवसांत रिकामी करा. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, कूलरच्या टाकीतही. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करून घासा. वाळलेला गाळ, रंगाचे रिकामे डबे आणि स्प्रेचे कॅन ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका. ते घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. वेगळ्या पिशवीत भरा, वर तसं लिहा आणि कचरागाडी आली की ती पिशवी गाडीवरच्या माणसाच्या हातात, आत काय आहे ते सांगून द्या.